नॅरो गेजवरचा बर्फ, आणि स्वतःहून जागचं न हलणारं इंजिन

सावळागोंधळ
रेल्वेवेड्यांनो, एक शंका आहे. गूगलून अर्धवट उत्तरं मिळाली, म्हणून इथे विचारतोय.

न्यू मेक्सिकोत चामा म्हणून एक लहानसं गाव आहे. तिथून कोलोरॅडोतल्या अँटोनिटोपर्यंत ६४ मैलांची तीन फुटी रुळांची (म्हणजे नॅरो गेज) लाइन अजून वाफेच्या इंजिनांवर चालते. नाव कंब्रेस अँड टॉल्टेक. मूळची डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीची, १८८० ची. १९७० मध्ये दोन्ही राज्यांनी मिळून ती विकत घेतली म्हणून वाचली, नाहीतर भंगारातच जायची. चामाहून गाडी सुटली की चौदाएक मैलांत कंब्रेस खिंडीत १०,०१५ फुटांवर पोचते, चार टक्के चढ. हिवाळ्यात तिथे काय बर्फ पडत असेल याची कल्पना करा.

तर या चामाच्या यार्डात बर्फ काढायचे दोन रोटरी प्लाऊ उभे आहेत. एकाचं नाव ओएम, १८८९ चा. दुसरा ओवाय, १९२३ चा. पुढे पात्यांचं अवाढव्य चाक, आत बॉयलर, वर धुराडं, मागे कोळसा-पाण्याचा टेंडर. इंजिनाला जे जे लागतं ते सगळं हजर. पण खाली वाकून बघितलं तर रुळावरच्या चाकांना ना दांडे जोडलेले, ना काही. म्हणजे हे धूड स्वतःहून इंचभरही सरकत नाही, मागून दुसरी इंजिनं लावून ढकलायचं.

प्रश्न असा, की एवढा बॉयलर पोटात असताना त्यालाच का चालवलं नाही? मला तर हे प्रकरण 'दिसायला भारी, कामाला बेताचं' असंच वाटलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटरस्ता
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

येडबंबू
पुढे पंखा, आत बॉयलर आणि मागून चार जण ढकलतायत. आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांचं वर्णन वाचतोय असं वाटलं.

निफाडकर
शंका कसली त्यात! मळणी यंत्राला मळणीपुरतं इंजिन असतं, शेतावर न्यायला ट्रॅक्टर लागतो. कुणी विचारतं का, की मळणी यंत्र स्वतः चालत का येत नाही?

सावळागोंधळ
@निफाडकर, पटलं, पण पूर्ण नाही. मळणी चालू असताना यंत्र एका जागी उभं असतं. रोटरीला काम करता करता पुढे सरकायचं असतं.

घाटरस्ता
आलो. मी अनेक वर्षं लोको शेडमध्ये काढली, भोर घाटाचे बँकर (चढावर मागून ढकलणारी इंजिनं) जवळून पाहिलेत. बर्फ मात्र फक्त फ्रीजमधला, तेव्हा यंत्राबद्दल लिहितो, हवामानाबद्दल अमेरिकावाल्यांनी लिहावं.

रोटरीच्या पुढच्या चाकात पन्हाळीसारखे निमुळते खण असतात आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी धारदार पातं असतं. पातं बिजागरीवर असतं, त्यामुळे चाक उजवीकडे फिरवलं तर एका बाजूला कलतं, डावीकडे फिरवलं तर दुसऱ्या बाजूला. पात्याने कापलेला बर्फ खणात शिरतो आणि चाकाच्या गतीने वरच्या तोंडातून लांब फेकला जातो. वरचं झाकण फिरवून कुठल्या बाजूला फेकायचा ते ठरवता येतं. दरी डावीकडे असेल तर डावीकडे. सगळी वाफ या एका कामाला लागते.

आता मुद्दा असा, की चाक फिरण्याचा वेग आणि गाडी पुढे सरकण्याचा वेग यांचा एकमेकांशी संबंध ठेवून चालत नाही. बर्फ भुसभुशीत असेल तर भराभर पुढे जाता येतं. घट्ट झालेला, वाऱ्याने दाबलेला असेल तर चाक पूर्ण जोरात हवं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी. म्हणजे पुढे सरकायला सगळ्यात जास्त रेटा लागतो नेमका तेव्हाच चाकालाही सगळी वाफ हवी असते. एकाच बॉयलरमधून दोन्हीकडे द्यायची तर दोन्ही अर्धपोटी.

दुसरं, रुळावर जोर लावायला वजन लागतं, आणि ते वजन चालत्या चाकांवर यावं लागतं. तुमच्या कंब्रेसचा चढ २५ ला १. आपला भोर घाट ३७ ला १, तिथेही मागे बँकर लावल्याशिवाय गाडी चढत नाही. नॅरो गेजवर मुळात सगळंच हलकं, एक इंजिन किती रेटा देणार? म्हणून मागे दोन-तीन इंजिनं. ती तशीही कंपनीकडे होतीच, हिवाळ्यात मालगाड्या अडकून पडल्या की रिकामीच. मग रोटरीत आणखी एक महागडी यंत्रणा कशाला बसवायची?

हिमगौरी
@घाटरस्ता काका, मस्त. वाचनखूण साठवली.

एक विचारू? मागच्या इंजिनवाल्यांना पुढचं काही दिसतच नसणार. मग किती ढकलायचं ते कसं कळत होतं?

घाटरस्ता
शिट्टीवर. रोटरीच्या पुढच्या केबिनमध्ये एक जण उभा असतो, गाडी त्याच्या हुकमावर चालते. तो शिट्टी देणार, मागचे शिट्टीनेच उत्तर देणार आणि मग रेग्युलेटर (वाफ कमी-जास्त करायचा दांडा) हलणार. मागच्यांनी जास्त रेटलं तर चाक बर्फात रुतून बंद पडतं. पुढचं थांबलं आणि मागचे ढकलतच राहिले तर रुळावरून उतरायची वेळ. बँकरचंही तेच आहे, फक्त आमच्याकडे धुकं आणि पाऊस.

दातकोरणं
माझं आवडतं रेल्वे-गॉसिप इथे टाकल्याशिवाय राहवत नाही. या फिरत्या प्लाऊची मूळ कल्पना १८६९ मध्ये टोरोंटोच्या जे. डब्ल्यू. इलियट नावाच्या गृहस्थांची, आणि ते होते दातांचे डॉक्टर! पुढे ऑरेंजव्हिलच्या ऑरेंज जल यांनी त्यात सुधारणा केल्या, त्याच गावच्या लेस्ली बंधूंनी हक्क घेऊन प्रत्यक्ष यंत्र उभं केलं आणि कॅनेडियन पॅसिफिकच्या रुळांवर त्याची चाचणी झाली. अमेरिकेत पॅटरसनच्या कुक कारखान्याने बरेच बनवले, चामाचा ओएम त्यातलाच. जल महाशय एवढ्यावर थांबले नाहीत. हक्क विकून झाल्यावर त्यांनी स्वतःच्याच यंत्राला टक्कर द्यायला स्क्रूसारखं फिरणाऱ्या दांड्याचा दुसरा प्लाऊ काढला. तो चालला नाही.

(हो, मी डेंटिस्ट आहे. आमच्या व्यवसायाचा अभिमान बाळगायच्या जागा फार नाहीत, म्हणून.)

येडबंबू
ड्रिल घेऊन समोरच्याला कोरत जायचं आणि निघालेला माल बाजूला थुंकायचा. कल्पना कुठून आली ते लगेच कळतं.

दातकोरणं
तुमची पुढची अपॉइंटमेंट भुलीशिवाय.

पाचवा_बोगदा
सगळे रोटरीच्या मागे लागलेत, म्हणून उलट बाजू मांडतो. मी कोलोरॅडोत राहतो, या जुन्या लाइनींचा थोडा नाद आहे. माझं स्पष्ट मत: नॅरो गेज रोटरीने जगवलं नाही. ते जगवलं फ्लँजरने, साध्या पाचरी प्लाऊने आणि फावडीवाल्यांनी. रोटरी हा शेवटचा उपाय. तो यार्डातून बाहेर काढणं खर्चाचं काम होतं: त्याचा स्वतःचा चमू, मागच्या दोन-तीन इंजिनांचे चमू, सगळ्यांचा कोळसा, पाणी, आणि बरोबर राहायच्या-जेवायच्या डब्यांची गाडी.

रोजचं काम कोण करत होतं? फ्लँजर. चामाला ओजे आणि ओके नावाचे आहेत, लोक फोटोसुद्धा काढत नाहीत. छोटासा डबा, पोटाखाली दोन पाती. ही पाती रुळाच्या डोक्याच्या खाली, आतल्या बाजूने उतरतात आणि चाकाची कड जिथून जाते तिथला बर्फ खरवडून काढतात. बर्फ फूटभरच असेल, पण तो तिथे दाबला जाऊन गोठला की चाक वर उचललं जातं आणि गाडी उतरते. हलक्या नॅरो गेज डब्यांना तर एवढं पुरतं. दहा फुटांच्या बर्फात गाडी फक्त अडकते. चार इंचांच्या गोठलेल्या बर्फात ती घसरते.

फ्लँजरवरच्या माणसाचं काम बघा. पाती दाबलेल्या हवेवर खाली-वर होतात. रस्त्याचं फाटक आलं, सांधे आले, पुलावरचे गार्ड रेल आले की पाती वर घ्यायची, पलीकडे गेलं की लगेच खाली. हे कळावं म्हणून लाइनीच्या कडेला खास पाट्या असतात. बर्फाच्या वादळात, रात्री, खिडकीवर चिकटलेल्या बर्फातून ती पाटी दिसली नाही तर फाटकातल्या फळ्या उखडून जायच्या किंवा पातंच मोडायचं.

सावळागोंधळ
@पाचवा_बोगदा, म्हणजे मी म्हणालो तेच, दिसायला भारी आणि...

पाचवा_बोगदा
नाही, तेवढं नाही. पाचरी प्लाऊ बर्फ बाजूला ढकलतो, उचलत नाही. सुरुवातीला ठीक चालतं. तोच तोच बर्फ कडेला साठत गेला की दोन्ही बाजूंना भिंती तयार होतात आणि पुढचा बर्फ ढकलायला जागाच उरत नाही. कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर फोडून काढलेल्या वाटेत, तर पहिल्याच मोठ्या वादळात. मग इंजिन मागे घ्यायचं, वेग घ्यायचा आणि धडक मारायची. परत मागे, परत धडक. कधी आरपार, कधी रुळाखाली. या टप्प्यावर रोटरीला पर्याय नव्हता, कारण तो बर्फ उचलून भिंतीच्या पलीकडे टाकतो. माझं म्हणणं एवढंच, की ही वेळ हिवाळ्यात थोडेच दिवस यायची.

आणि नॅरो गेजवर ती लवकर यायची. जनरल पामरने १८७० मध्ये रिओ ग्रँड काढली तेव्हा तीन फुटी गेज घेतलं ते पैसे वाचवायला: वळणं तीव्र, डोंगर कमी फोडायचे, कटिंग अरुंद. त्या अरुंद कटिंगा मग बर्फाने भराभर भरायच्या. बांधताना वाचलेला पैसा हिवाळे वसूल करत बसले.

मंदाकिनी_सॅनहोजे
सिल्व्हर्टनचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? रिओ ग्रँडचीच कोलोरॅडोतली लाइन, दुरांगो ते सिल्व्हर्टन, १८८२ मध्ये चालू झाली आणि १८८४ मध्ये तब्बल ७३ दिवस बंद. फेब्रुवारी ते एप्रिल. गाव चहूबाजूंनी डोंगरात, सगळं सामान रेल्वेने येणारं. त्या वेळी हा रोटरी नव्हताच कंपनीकडे. माणसांनी फावड्यांनी खणून लाइन मोकळी केली.

पाचवा_बोगदा
+१. त्याच हिवाळ्यात, मार्च १८८४, अल्पाइन बोगद्याजवळचं वुडस्टॉक गाव डोंगरावरून कोसळलेल्या हिमकड्याखाली गेलं, तेरा जण मेले. ती लाइन डेन्व्हर, साउथ पार्क अँड पॅसिफिकची, हीसुद्धा तीन फुटी.

सिल्व्हर्टनला रोटरी असता तरी किती उपयोग झाला असता कोण जाणे. कारण तिथली अडचण हिमकड्यांची. आभाळातून पडलेला बर्फ रोटरी खातो. डोंगरावरून घसरत आलेल्या बर्फात मोडलेली झाडं असतात, दगड असतात. एक ओंडका चाकात गेला की पाती मोडली. म्हणून हिमकडा आला की रोटरी मागे ठेवायचा, गँगने लांब काठ्या खुपसून आत काय आहे ते चाचपायचं, ओंडके करवतीने कापून बाहेर ओढायचे, फारच घट्ट असेल तर सुरुंग लावायचा. मगच यंत्र पुढे.

घाटरस्ता
हे वाचून गँगमन डोळ्यांसमोर आले. दरड पडली की आमच्याकडेही यंत्र नंतर येतं, आधी पहार आणि घमेलं.

लीलावती_कणकवली
मूळ धाग्याला धरून नाही, पण विचारते. एवढ्या बर्फात ही गाडी मध्येच अडकली तर आतली माणसं काय करायची? आणि इंजिनाचं पाणी संपलं तर?

मंदाकिनी_सॅनहोजे
@लीलावती, पाणी संपायला आलं की फावड्यांनी बर्फच टेंडरमध्ये भरायचा आणि वाफ सोडून वितळवायचा. कितीही टाकला तरी पाणी थोडंच होतं, त्यामुळे सगळे हात त्यालाच लागायचे. बॉयलर कोरडा पडू द्यायचा नाही, आणि आग विझवली तर नळ्यांतलं पाणी गोठून फुटणार. माणसं गारठली तरी चालेल, इंजिन गारठता कामा नये, असा सगळा मामला.

येडबंबू
कोकण रेल्वेत प्रवासी गारठतात ते एसीमुळे. प्रगती आहे.

बार्बेक्यू_बर्लिन
आता मी काडी टाकतो. सगळ्यांनी घाटरस्ता काकांचं उत्तर मान्य केलेलं दिसतंय, की रोटरीला स्वतः चालायची यंत्रणा बसवणं परवडत नाही. मग स्वित्झर्लंडच्या बर्निना लाइनीवर तसा प्लाऊ कसा होता? आणि होता काय, आहे!

बर्निना मीटर गेज, सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोपर्यंत, ओस्पित्झिओ बर्निनाला २,२५३ मीटर उंची. चढ ७ टक्के, कंब्रेसच्या पावणेदोनपट, आणि तोही दाती रुळाशिवाय (म्हणजे चढायला दातेरी चाक अडकवायचा मधला रूळ नाही). तिथे १९१० चा विंटरथुरच्या एसएलएम कारखान्याचा वाफेचा रोटरी आहे, क्रमांक ९२१३. तो स्वतःच्या वाफेवर बर्फही फेकतो आणि स्वतःच्या वाफेवर चालतोही. त्याचा भाऊ ९२१४ आता ब्लोने-शांबीच्या संग्रहालयात आहे. ९२१३ ला अजूनही अधूनमधून हौशी लोकांसाठी बाहेर काढतात. लाल डब्यांच्या गाड्यांच्या देशात काळ्या धुराचा लोट आणि बर्फाचं कारंजं, फोटोवाले वेडे होतात.

म्हणजे जमतं. अमेरिकनांनी केलं नाही इतकंच.

निफाडकर
आता रंगला धागा. चहा ठेवतो.

घाटरस्ता
@बार्बेक्यू_बर्लिन, छान आठवण काढलीत. पण एक सांगा, बर्निना लाइनीवर वाफेची इंजिनं किती होती?

बार्बेक्यू_बर्लिन
एकही नाही. पहिल्यापासून विजेवर. ... ओह. तुम्ही कुठे निघालात ते आलं लक्षात.

घाटरस्ता
बरोबर. लाइन विजेची. मोठं वादळ आलं, तारा तुटल्या की ढकलणाऱ्या गाड्याच मेल्या. अशा वेळी मध्येच अडकून चालणार नाही असा प्लाऊ हवा, तर त्याला स्वतःचे पाय हवेत. रिओ ग्रँडकडे वाफेची इंजिनं हवी तेवढी होती, त्यांना ही गरजच नव्हती. 'जमतं की नाही' हा सवाल नाही, शेडमध्ये काय उभं आहे त्यावर ठरतं. हा माझा तर्क आहे, पण शेडमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचा तर्क आहे.

बार्बेक्यू_बर्लिन
मान्य. तरी ७ टक्क्यांवर स्वतः चालतो याचं कौतुक मी सोडणार नाही.

सावळागोंधळ
वा! मला हवं होतं ते उत्तर हे. 'परवडत नव्हतं' यापेक्षा 'गरज नव्हती' जास्त पटतं.

काजवा
सध्या होक्काइदोत आहे, त्यामुळे जपान माझ्याकडे. इथलं जुनं सगळं जाळं १,०६७ मिलिमीटरचं, म्हणजे नॅरो गेजच, आणि बर्फ असा की कोलोरॅडोवाल्यांनी शिकवणी लावावी.

वर भिंतींचा प्रश्न आलाय ना, की बाजूला ढकललेला बर्फ साठत जातो आणि पुढे जागा उरत नाही? त्यावर इथे चार गाड्यांची एक माळ चालवत. सगळ्यात पुढे इंजिन. त्याच्या मागे मॅकरे गाडी. हिला दोन मोठे पंख असतात आणि ते कडेच्या भिंती फोडून बर्फ चक्क आत, रुळांवर ओढतात. ऐकायला उलटं वाटतं. पण लगेच मागे रोटरी असतो, तो हा आत ओढलेला सगळा बर्फ उचलून लांब फेकतो. त्याच्या मागे ढकलणारं दुसरं इंजिन. गाडी गेली की लाइन पुन्हा रुंद, पुढच्या वादळाला जागा तयार. चौघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून तिला किमारोकी म्हणतात. नायोरो गावात संग्रहालयाजवळ अशी एक अख्खी माळ जपून ठेवलीय, वाफेच्या दोन्ही इंजिनांसकट.

मी बघितली तेव्हा मॅकरेचे पंख उघडे होते. एका पंखाजवळ उभं राहिलं की आपण त्याच्या निम्म्यालाही येत नाही.

पाचवा_बोगदा
@काजवा, हे फारच भारी. अमेरिकेत भिंतींवर उपाय म्हणजे जॉर्डन स्प्रेडर. चामाला ओयू नावाचा आहे. त्याचेही पंख, पण ते बाहेर ढकलतात. डोंगराच्या कडेला एका बाजूला दरी असेल तर उत्तम, ढकला आणि विसरा. दोन्ही बाजूंना उंच कटिंग असेल तर ढकलणार कुठे? तिथे जपानी युक्ती सरस.

पुणेरी_पाटी
एक शंका. चामाला सगळ्यांची नावं 'ओ' वरूनच का? ओएम, ओवाय, ओजे, ओके, ओयू...

पाचवा_बोगदा
कंपनी देखभालीच्या गाड्यांना अशी अक्षरं द्यायची. तिथली क्रेनसुद्धा ओपी आहे.

सिमलामिरची
भारताचं कुणी बोलेना म्हणून मी. कालका-सिमला अडीच फुटी, १९०३ ची, ९६ किलोमीटर. सिमल्याच्या बाजूला बर्फ पडला की इंजिनाच्या पुढे स्नो कटर लावून आधी लाइन मोकळी करतात, मग गाड्या. रोटरी वगैरे काही नाही, लागतही नाही. बर्फ फुटांत मोजायचा, तोही काही दिवस. गंमत म्हणजे बर्निना आणि कालका-सिमला दोघींना युनेस्कोचा दर्जा एकाच वर्षी मिळाला, २००८.

येडबंबू
आणि माथेरान? आमच्या राणीला बर्फ नाही म्हणून वाळीत टाकता काय?

सिमलामिरची
माथेरानला पाऊसच पुरेसा आहे. चढ २० ला १, रूळ दोन फुटी, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंदच. बंद ठेवणं हाही एक उपायच म्हणा की.

बार्बेक्यू_बर्लिन
बंद ठेवण्यावरून फुर्काची गोष्ट सांगतोच. स्वित्झर्लंडचीच, मीटर गेज, दाती रूळ. हिवाळ्यात लाइन बंद हे ठरलेलंच. पण एका ओढ्यावर, स्टेफेनबाखवर, दर हिवाळ्यात हिमकडे कोसळायचे आणि तिथला पूल टिकायचा नाही. मग १९२५ मध्ये तिथे घडीचा पूल बसवला. दर शरद ऋतूत माणसं जातात, पुलाचे तीन तुकडे सोडवतात, विंचने ओढून दोन्ही काठांना दुमडून ठेवतात. हिमकडा येतो, रिकाम्या ओढ्यातून निघून जातो. वसंतात पूल परत उभा. पूर्वी तर विजेच्या ताराही हिवाळ्यापुरत्या काढून ठेवायचे.

१९८२ मध्ये खालून मोठा बोगदा झाला आणि वरची लाइन सोडून दिली. पण स्वयंसेवकांनी ती पुन्हा वाफेवर चालू केली, व्हिएतनामला विकलेली त्यांची जुनी इंजिनं १९९० मध्ये परत आणून! पूल आजही दरवर्षी घडी करतात. माझ्या लेखी बर्फ काढायच्या सगळ्या यंत्रांपेक्षा हा पूल हुशार.

दातकोरणं
बर्फाशी भांडायचंच नाही. सासुरवाडीचं धोरण.

लीलावती_कणकवली
:-D

मंदाकिनी_सॅनहोजे
अवांतर: माणूसच यंत्र असलेली एक गोष्ट. न्यूफाउंडलंडची रेल्वे साडेतीन फुटी होती. तिच्या पश्चिम टोकाला रेकहाउस म्हणून जागा, तिथे डोंगरातून असा वारा सुटतो की रुळावरचे डबे उलथून पडायचे. तिथे लॉकी मॅकडूगल नावाचा माणूस राहायचा. त्याला वाऱ्याचा अंदाज अचूक. शेवटी रेल्वेने १९३९ पासून महिना वीस डॉलरवर त्याला कामाला ठेवलं. तो घराबाहेर येऊन वारा बघायचा आणि कळवायचा, आज गाडी सोडू नका. रेल्वे त्याचं ऐकायची.

येडबंबू
वीस डॉलरात हवामान खातं! आणि अंदाज खरे निघायचे!!

पाचवा_बोगदा
कोलोरॅडोची अजून एक: रिओ ग्रँड सदर्न. लिझर्ड हेड खिंड १०,२२२ फूट. १९३० नंतर कंपनी इतकी कंगाल, की वाफेची गाडी परवडेना. मग जुन्या मोटारींचे सांगाडे घेऊन, पिअर्स-ॲरो आणि ब्यूइक, त्यांना रेल्वेची चाकं लावली, मागे टपालासाठी पेटारा बसवला. लोक त्याला गॅलपिंग गूज म्हणत. त्याच्या पुढे बर्फासाठी एक लहानसं पातं असायचं. थोडा बर्फ असेल तर चालून जायचं. जास्त असेल तर ड्रायव्हरने खाली उतरून फावडं घ्यायचं. टपालाचं कंत्राट होतं ना, थांबून चालणार नव्हतं. १९५१ मध्ये लाइन बंद पडली.

सावळागोंधळ
सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नावर येतो. वर पाचवा_बोगदा म्हणाले की रोटरी क्वचितच लागायचा, आणि लागायचा तेव्हा दुसरं काही चालायचं नाही. मग आजच्या काळात चामावाले तो जपतात कशासाठी? तिथे हिवाळ्यात गाडी चालतच नाही. मे अखेर ते ऑक्टोबर एवढाच हंगाम. वसंतात उरलासुरला बर्फ बुलडोझरनेही काढता येईल.

पाचवा_बोगदा
काढतात बऱ्याच ठिकाणी. अलास्कातली स्कॅग्वेची व्हाइट पास लाइन घ्या, तीन फुटी, क्लोंडाइकच्या सोन्याच्या वेळची. तिचा रोटरी क्रमांक एक, कुकचाच, १८९८ चा. आता तो बहुतेक शोभेला उभा असतो आणि काम डोझर करतात.

चामाचा ओवाय मात्र २०२० मध्ये बाहेर काढला होता, मागे वाफेची इंजिनं लावून, खऱ्या बर्फात. व्यवहाराने गरज नव्हती. पण लोक तिकीट काढून, गारठत, बर्फात उभे राहून बघायला आले. त्या दिवसांच्या फिती बघा. फुटलेल्या बर्फाचा झोत झाडांच्या वरून जातो आणि सगळं काळंपांढरं होऊन जातं. चाकाचा आवाज मध्येच जड होतो, शिट्टी होते, मागचे थांबतात. घाटरस्ता काकांनी वर लिहिलंय ते सगळं त्यात ऐकू येतं.

घाटरस्ता
बघितल्या. मागच्या इंजिनवाल्याचा हात बघा, शिट्टी झाल्याबरोबर रेग्युलेटर बंद. बाकी सगळ्यांचं लक्ष बर्फाच्या कारंज्यावर, माझं त्या हातावर.

सावळागोंधळ
ठीक, 'कामाला बेताचं' हे शब्द मागे. पण फ्लँजर हाच खरा कामाचा, या पक्षात मी आता गेलोय.

पाचवा_बोगदा
या, या. आमच्या पक्षात दोनच माणसं होती.

हिमगौरी
आम्ही जुलैत डेन्व्हरला येतोय, सोबत सत्तरीचे सासरे, रेल्वेतून निवृत्त. चामा जमेल का? त्यांना जास्त चालवत नाही.

सावळागोंधळ
@हिमगौरी, डेन्व्हरहून लांब पडेल, एका दिवसात जाऊन येणं शक्य नाही, मुक्काम करा. अँटोनिटो जवळ पडतं, पण यार्ड आणि रोटरी बघायचे तर चामाच. यार्ड सपाट आहे, पण पायाखाली खडी आणि सिंडर (जळक्या कोळशाची खर), चांगले बूट द्या त्यांना. आणि दहा हजार फुटांची उंची आहे, श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. जुलैतही जॅकेट लागतं.

घाटरस्ता
आणि सासऱ्यांना सांगा, रोटरीच्या शेजारचा फ्लँजरही बघा. वाकायला लागेल, पण पाती पोटाखालीच आहेत.